तापातली फिट परत येऊ शकते, हे आईबापांना पहिल्याच दिवशी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी १४ महिन्यांची असताना तिला तापात पहिल्यांदा फिट आली. ताप आहे हेच मुळात फिट आल्यावर कळलं, डोळे वर गेले, हातपाय झटकायला लागले, ओठ निळे पडले, मला वाटलं संपलं सगळं. दोनेक मिनिटांत थांबलं. हॉस्पिटलमध्ये तपासलं, "साधी तापाची फिट आहे, घाबरू नका" म्हणाले आणि घरी पाठवलं. परत येऊ शकते हे कुणी बोललंच नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

पाच महिन्यांनी परत आली. रात्री पॅरासिटामॉल द्यायला उठले नाही म्हणूनच झालं असं धरून मी कितीतरी दिवस रडले, घरातल्यांनीही ऐकवलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की तापाच्या औषधाने मुलाला बरं वाटतं, ते जरूर द्या, पण त्याने फिट टळत नाही. एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर!

६ महिने ते ५ वर्षं या वयात १०० पैकी २ ते ५ मुलांना अशी फिट येते, आणि त्यातल्या साधारण तिघांत एकाला परत येते. पहिली फिट वर्षाच्या आत आली असेल तर जवळजवळ निम्म्या मुलांना. आईवडिलांना किंवा भावंडांना आली असेल, ताप फार नसताना किंवा ताप चढल्या चढल्या लगेच आली असेल तरी शक्यता वाढते. माझ्या नवऱ्याला लहानपणी यायची हे सासूबाईंना दुसऱ्या फिटनंतर आठवलं, कारण पहिल्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं. आणि परत आली म्हणजे मिरगी झाली असं नाही हो, साध्या फिटमध्ये पुढे मिरगी होण्याचं प्रमाण १०० त १-२ इतकंच आहे, मेंदूलाही इजा होत नाही.

पहिल्या वेळी आम्ही तिच्या तोंडात चमचा घालायला गेलो होतो. तसं काहीच करायचं नसतं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. ५ मिनिटांत थांबली नाही तर लगेच ॲम्ब्युलन्स. २४ तासांत परत आली, शरीराच्या एकाच बाजूला आली, नंतर मूल नीट जागं होत नसेल किंवा मान ताठ वाटली तरी घरी थांबू नये. आणि पहिली फिट असेल तर थांबली तरी डॉक्टरला दाखवायचंच.

आता पाळणाघरातल्या ताईंकडे मी हे सगळं कागदावर लिहून दिलंय, तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, डिस्चार्जच्या कागदावर या चार ओळी लिहा. आणि संपादक साहेब, तुम्हीही एकदा चौकट करून छापा, लोक कापून ठेवतील.

आपली नियमित वाचक,
एक आई