केतकीबद्दल, फक्त तुलाच

प्रिय नंदे,

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. फोनवर हे बोलता येत नाही, भाची केतकी घरातच असते, आणि तुझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही म्हणून लिहितेय.

तिची खोली झाडताना पलंगाखालच्या बॅगेत केळी वेफर्सची रिकामी पाकिटं निघाली. एकेक पाकीट घडी घालून, दाबून चौकोनी केलेलं, वर रबरबँड. ती घडी बघूनच माझ्या पोटात धस्स झालं. होस्टेलला तुझ्या ट्रंकेत बिस्किटांचे कागद अस्सेच असायचे ना गं. मग एकदा रात्री आवाज आला म्हणून उठले तर पोरगी अंधारात ओट्याशी उभी, डब्यातल्या गार बट्ट्या खातेय, वरण नाही, तूप नाही, नुसत्या कोरड्या, आणि रडतेय. नऊ वाजता माझ्यासोबत पोटभर जेवली होती! मी लाइट लावला नाही, पाणी दिलं आणि तिथेच खाली बसले.

ताईला सांगितलं तर म्हणे जिभेवर ताबा नाही तिचा, सोमवार धरायला लाव. जाऊबाई तर तिच्या तोंडावर खादाड म्हणाल्या. असा संताप आला ना वं माय, तुला होस्टेलच्या मावशी पंगतीत सगळ्यांसमोर बोलल्या होत्या तेव्हा आला होता तसाच.

डॉक्टरांकडे नेलं. बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणाले, म्हणजे ताबा सुटून एका वेळी खूप खाल्लं जाण्याचा आजार, 2013 पासून अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या यादीत हा वेगळा आजार म्हणून आहे. तेव्हापासून मी रोज रात्री हेच वाचतेय. 1994 मध्ये फ्रीडमन नावाच्या शास्त्रज्ञाच्या टीमने लेप्टिन शोधलं, चरबीतून निघणारं हार्मोन, ते मेंदूतल्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं आणि बास, पुरे असं सांगतं. 1997 मध्ये इंग्लंडमध्ये दोन चुलत भावंडं सापडली ज्यांच्या अंगात जन्मापासून लेप्टिनच नव्हतं, मुलगी आठ वर्षांची आणि वजन 86 किलो. सगळे आईबापालाच बोल लावत असणार बघ. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि तिची भूक आपोआप आटोक्यात आली. त्या मुलीला काय संस्कार कमी पडले होते का? केतकीचं तसं नाही, तिच्यात लेप्टिन असणारच, पण हे वाचून मला जाऊबाईंना काय सांगायचं ते कळलं.

आणि तो सोमवार! दिवसभर उपाशी राहिलं की पोटातून घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, ते भूक पेटवतं, आणि हा आजार असलेल्या माणसाच्या मेंदूत खाण्याचा पदार्थ नुसता बघून, वास घेऊनच डोपामाइन, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन, उसळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी मिनेसोटात 36 धडधाकट पुरुषांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवलं होतं, नंतर जेवण खुलं केल्यावर त्यातले काही खातच सुटले, पोट फुटायची वेळ आली तरी समाधान होईना. केतकीने कॉलेजात कोणीतरी जाडी म्हटल्यापासून सकाळचा डबा बंद केला होता. मी तेव्हापासूनच्या तारखा कॅलेंडरवर बघितल्या तर पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त होतं. त्यालाही कारण आहे, मेंदूत सेरोटोनिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचे रिसेप्टर असतात, त्यांच्यामार्फत इस्ट्रोजेन खाण्याला लगाम घालतं असं उंदरांवर दिसलंय, आणि पाळीआधी प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन चढलं की तो लगाम ढिला पडतो म्हणतात. तुझंही तेव्हाच व्हायचं, आठवतंय? आपण उगाच परीक्षेच्या टेन्शनवर ढकलायचो.

शेजारची म्हणे ते 2025 मध्ये आलेलं वजन कमी करायचं इंजेक्शन, मौंजारो, घे. डॉक्टर नको म्हणाले, ते या आजारासाठी मंजूर नाही. त्यांनी सीबीटीची, म्हणजे बोलून विचार आणि सवयी बदलायच्या उपचाराची, सेशन्स सुरू केलीत, आणि तीन वेळा नीट जेवण, उपास अजिबात नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी मुद्दाम मांडे केले आणि तिच्या ताटात सगळ्यांसारखेच वाढले, जाऊबाई बघत राहिल्या. (तुझ्या आईचं भरीत भारी हे मी आज लेखी देते, पण शेवभाजी आमच्या धुळ्याचीच, त्या भांडणात मी मरेपर्यंत हटणार नाही. आणि झोका तूच जास्त वेळ अडवून धरला होतास.)

तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? पिंट्याला ॲडमिशन मिळाली कळलं, खूप छान, त्याला माझ्याकडून पेढे दे.

आता मुद्दा. ती मला सगळं सांगते पण एक गोष्ट विचारते, मावशी, यातून कोणी बाहेर पडलंय का? डॉक्टर हो म्हणतात, तिला पटत नाही. मी तुझं नाव घेतलेलं नाही, तुझ्या परवानगीशिवाय घेणारही नाही. पण तुला चालणार असेल तर तिच्याशी बोल गं. रविवारी संध्याकाळी मी बाजारात जाते, ती एकटी असते, आठपर्यंत मी काही परत येत नाही. नको वाटलं तर तसं कळव, माझा राग नाही.

तुझीच,
शैला