नोकरी गेलेल्यालाही करिअर काउन्सेलर लागतो

मा. संपादक,
नमस्कार.

करिअर काउन्सेलर म्हटलं की शाळा-कॉलेजातली मुलंच डोळ्यासमोर येतात. मलाही तसंच वाटायचं, पण गेल्या वर्षी १७ वर्षांची अकाउंट्समधली नोकरी गेली. नवं सॉफ्टवेअर आलं, सहा जणांचं काम दोघांवर आलं, उरलेले चौघं घरी.

आधी एका काउन्सेलरकडे गेलो तर त्यांनी टेस्ट घेतली, रंगीत ग्राफवाला जाडजूड रिपोर्ट हातात दिला आणि लगेच एक महागडा कोर्स पुढे केला, तोही त्यांच्याच ओळखीतला. टेस्टला नावं ठेवत नाही, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेली, स्वभावाला जुळणारं काम निवडा असं सांगणारी थिअरी आजही अशा कित्येक टेस्टच्या मुळाशी आहे, पण उद्या सकाळी उठून मी करायचं काय?

मग दुसऱ्या एक काउन्सेलर बाई भेटल्या. म्हणाल्या, "सोमवारी ऑफिसात पोचल्यावर पहिल्या तासात काय करायचात तेवढंच सांगा." मी म्हटलं, काही नाही हो, बिलं जुळवायचो. कुणाची? नाही जुळली तर फोन कोण करायचं? समोरचा चिडला तर? असं विचारत विचारत त्यांनी कागद भरवला: थकबाकी वसुली, सप्लायरशी बोलणी, नव्या पोरांना शिकवणं. आणि माझ्या बायोडेटात काय, तर 'अकाउंट्स असिस्टंट', बास. आता मी सॉफ्टवेअरला न जुळलेल्या एंट्र्या सोडवतो, पगार जरा कमी आहे पण काम आहे.

फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये असा करिअरचा सल्ला देणारं ऑफिस काढलं, स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हीची सांगड घाला, असं त्यांचं म्हणणं. ते तेव्हा तरुणांसाठी होतं, एकदा निवडलं की झालं. आता वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या रिपोर्टनुसार २०३० पर्यंत कामाला लागणारी ३९ टक्के मुख्य कौशल्यं बदलतील असा कंपन्यांचा अंदाज आहे, म्हणजे ही सांगड चाळिशीत, पन्नाशीतही परत घालावी लागणार. पण नोकरी गेलेल्याने फी कुठून आणायची? ही सोय सरकारी रोजगार केंद्रात फुकट हवी, आणि कोर्सवर कमिशन घेणाऱ्याने स्वतःला काउन्सेलर म्हणवून घेऊ नये.

तुमच्या करिअर पुरवणीत कोर्सच्या जाहिरातींमधून अर्धं पान आमच्यासारख्यांसाठी काढता आलं तर बघा.

एक वाचक