निमे, आधी रडणं थांबव

भांडुप, रविवार दुपार

प्रिय निमे,

फोनवर तुला धड सांगता येत नाही. तू मध्येच हुंदके देतेस आणि मी मध्येच ओरडते. म्हणून लिहिते.

तुझा थायरॉईडचा रिपोर्ट पाहिला. टीएसएच 7 आणि टी-फोर, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन, नॉर्मल. एवढ्यावर घर डोक्यावर घ्यायचं काय कारण? डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय, तसंच कर. कधी कधी हा आकडा आपणहून खाली येतो, आणि एवढ्यावर सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचा थायरॉईडकडे लावलेला तगादा. ग्रंथी ढिली पडली की तगादा वाढतो. तुझी ग्रंथी तगाद्यावर का होईना, काम करतेय. माझा आकडा साठच्या वर होता आणि टी-फोर तळाला.

तेव्हाची मी आठवतेय ना? मे महिन्यात अख्खी मुंबई घामानं निथळत होती आणि मी ऑफिसात मोजे घालून, शाल गुंडाळून बसायचे. फोनवर तू दर वेळी विचारायचीस, "सर्दी झालीय का गं?" सर्दी नव्हती, आवाजच घोगरा झाला होता. सकाळी पापण्या सुजलेल्या, मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके, पोट तर आठवडा-आठवडा संपावर. स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठडा धरून उभी राहायचे आणि मागच्या बायका "चला ना ओ" म्हणून ढकलून पुढे जायच्या. घरी सगळ्यांचं निदान एकच: वजन वाढलंय, आळस सोड. हे मला अजून बोचतं. साध्या रक्ततपासणीत जे कळतं, ते कळेपर्यंत बाईनं आळशी म्हणवून घ्यायचं!

गोळीचं म्हणशील तर गोळी बिचारी एवढीशी, अटीच फार. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास चहा नाही. निमे, चहा नाही! आमच्याकडे साडेपाचला नळाला पाणी येतं. नळ खुळखुळला की उठायचं, गोळी घ्यायची आणि पिंप, हंडे, कळश्या भरायला लागायचं. भरून, कपडे भिजवून होईपर्यंत तास सरतो. पण सासूबाईंचा चहा मध्येच ठेवावा लागायचा. आलं ठेचून घातलेला तो चहा उकळायचा आणि मी कळशीवर राग काढायचे. आता त्या स्वतःच आधण ठेवतात आणि घड्याळ बघून हाक मारतात, "झाला गं तुझा तास." कॅल्शियमची गोळी मी दुपारच्या डब्याबरोबर घेते, कारण कॅल्शियम आणि लोह या गोळीपासून चार तास लांब ठेवावं लागतं.

पहिले काही दिवस ढिम्म फरक पडला नाही. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, त्यामुळे डोस मुरायला सहा-आठ आठवडे जातात. त्याआधी टेस्ट करून काही कळत नाही. माझं 25 मायक्रोग्रॅमवरून 50 आणि मग 75 झालं. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा घरच्यांनी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते, आणि मी मात्र रविवारी दुपारी जेवून झोपले ती दिवेलागणीला उठले. आकडा जागेवर आला तरी माणूस मागाहून येतो, हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. आधी पोट सुधारलं, मग थंडी गेली, मग आवाज. कोलेस्टेरॉलही आपोआप उतरलं. केस सर्वांत शेवटी. वजनाची आशा लावून बसू नकोस. थोडं उतरलं, तेही बहुतेक अंगातलं पाणीच.

बायकांच्या डब्यात तर दवाखानाच भरतो. एक म्हणते धण्याचं पाणी पी, दुसरी म्हणते कोबी विष आहे, तिसरी अश्वगंधा पुढे करते. कोबी मी शिजवून मजेत खाते. अश्वगंधेला हात लावत नाही, ती थायरॉईडचे आकडे हलवू शकते. आयोडीनचं मीठ आमच्या घरात आहेच. माझा प्रकार हाशिमोटोचा, म्हणजे शरीर आपल्याच ग्रंथीवर उठतं. 1912 साली एका जपानी डॉक्टरनं त्याचं वर्णन केलं.

"जन्मभर गोळी" ऐकून माझ्या पोटात गोळाच आला होता. मग कुठेतरी वाचलं, 1891 साली इंग्लंडात मरी नावाच्या डॉक्टरनं अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, आणि पुढे अर्क घेत घेत ती बाई अठ्ठावीस वर्षं जगली. मला तर नुसती पाण्याबरोबर गोळी गिळायची आहे, मेंढीबिंढी काही नाही.

एक राहिलंच. केसांसाठी तू बायोटिन घेतेस ना? पुढच्या टेस्टच्या आधी काही दिवस ते थांबवायचं का, डॉक्टरांना विचार. त्यानं रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. लॅब शक्यतो तीच ठेव. आणि आकडा आला की आधी मला कळव, मग तुझ्या नणंदेला.

तुझी,
सुधी