अंधारातले अभंग

नाशिक, रविवार

प्रिय सुध्या,

फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि निम्म्या वेळेला स्टेजचे दिवे लावायला शिडीवर चढलेला असतोस. म्हणून हे पत्र.

गेल्या शनिवारी नंदूला घेऊन अभंग ऐकायला गेलो. हो, आमच्याच बहिऱ्या नंदूला! गंगापूर रोडला छोटा हॉल आहे, तिथे. नंदूचं आणि गाण्याबजावण्याचं तुला ठाऊकच आहे. विसर्जन मिरवणुकीत ढोल आला की हा टिपरूच्या टप्प्यात जाऊन उभा. ‘कान नाहीत, छाती आहे,’ हे त्याचं हातांनी म्हणणं. पण ढोल अंगाला कळतो, अभंगातल्या शब्दांचं काय? ह्या वेळी मंचावर साइनच्या, म्हणजे खुणांच्या भाषेच्या, इंटरप्रिटर बाई होत्या.

मोबाइलवर त्याने मला जस्टिना माइल्स दाखवली होती. २०२३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, रिहानाची गाणी खुणांत सादर करणारी, स्वतः बहिरी असलेली मुलगी. काय अंग हलतं तिचं! पण ती अमेरिकन साइन. तिथली अक्षरं एका हाताची, आपल्या आयएसएलची (भारतीय साइनची) दोन हातांची. नंदूला त्यातलं फारसं कळत नाही, तरी पुन्हापुन्हा बघतो.

आमच्या बाईंकडे गाण्यांची यादी आली आदल्या रात्री. (गायकाला महिनाभर रियाज, हिला एक रात्र!) दिल्लीच्या आयएसएल संशोधन केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा आयएसएल कोश केलाय खरा, पण अभंगाला कोश किती पुरणार? विठ्ठल आला तशी तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नुसती उभी राहिली. आता बघ, हात कमरेवर म्हणजे तिचं बोलणंच बंद. पुढचं सगळं भुवयांवर, मानेवर आणि श्वासावर. पुढच्या रांगेतली मुलं विटेवरच्यासारखी ताठ झाली. आलापाला तर शब्दच नाहीत. तिथे तिचा तळवा छातीपासून सावकाश वर गेला, थरथरला आणि शेवटी अलगद उतरला.

आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी वातावरणनिर्मिती केली. सगळे दिवे मंद, स्पॉट फक्त गायकावर. बाई काळ्या कुर्त्यात, विंगेजवळ, पार दिसेनाशा. आपण ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. नंदूने कोपर मारलं, ‘संपलं?’

पुढची चार गाणी त्याने तबलजीचे हात बघत काढली. मला इतकी लाज वाटली की मध्यंतरात चहाही घशाखाली उतरेना. आयोजकांना बोललो. ते म्हणाले, ‘अहो, मूड जातो.’ कुणाचा?

तरी पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय, आणि दिव्यांचं मी अंगावर घेतलंय. तेव्हा दिव्यांचे गुरुजी, सांगा. बाईंना गायकाच्या शेजारीच उभं करणार, म्हणजे दोघं एका नजरेत येतील. त्यांच्यावर वेगळा स्पॉट ठेवला, डिमरला न जोडता, म्हणजे बाकीचे दिवे मंद झाले तरी तो तसाच राहील, तर मागच्या रांगांचा मूड खरंच जातो का? नंदू म्हणतो दिव्यापुढे पिवळा जेल पेपर लाव. मला वाटतं काळ्या कुर्त्यावर हात मातकट दिसतील. लवकर कळव, हॉलवाला दिव्यांची यादी मागतोय.

तुझा,
विनू

ता. क. नंदूने तुला खूणनाव दिलंय. शिडी चढायची खूण.