बाकीच्या गाड्या कुठे गेल्या?

मोंझा, इटली
८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा विसर्जनाच्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मागे ताशे वाजत होते. तुमचं निम्मंच ऐकू आलं. पण "दुसऱ्यांच्या गाड्यांमागे अजून किती वर्षं पळणार?" हे नीट ऐकू आलं. ठाण्याच्या त्या नोकरीचंही. गाड्यांच्या कंपनीत प्रसिद्धीचं काम, एक तारखेला पगार, संध्याकाळी घरी. मी "बघते" म्हणून फोन ठेवला. तुम्हाला असं अर्धवट उत्तर देऊन मला झोप लागली नाही, म्हणून शर्यतीची बातमी पाठवून झाल्यावर लिहायला बसले आहे.

कालची शर्यत तुम्ही पाहिलीच असणार, तिकडे साडेसहाला सुरू झाली. मॅक्स व्हर्स्टापनने सव्वा तासाच्या आत ५३ फेऱ्या संपवल्या. सरासरी ताशी २५० किलोमीटरच्या वर! फॉर्म्युला वनमधली आजवरची सगळ्यात वेगवान शर्यत. पण मला रात्री एक वाजेपर्यंत जागवलं ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरने. मॅक्लारेन संघाच्या दोन गाड्या मागोमाग होत्या, पुढे नॉरिस, मागे पियास्त्री. टायर बदलताना नॉरिसचं एक चाक अडलं, त्याचे काही सेकंद गेले आणि पियास्त्री पुढे निघाला. मग संघाने पियास्त्रीला रेडिओवरून सांगितलं, जागा परत दे. त्याने आधी हरकत घेतली, मग दिली. आणि गुणतक्त्यात पहिला होता तो पियास्त्रीच! चाक अडणं हा शर्यतीचाच भाग, की संघाने आपली चूक आपणच निस्तरायची? शर्यतीनंतर चालकांना कठड्यापलीकडे एकेक करून उभं करतात आणि आम्ही अलीकडून रेकॉर्डर पुढे धरतो. जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. मी एवढंच विचारत होते की हे आधी ठरलं होतं की तिथल्या तिथे ठरलं.

बाबा, हा प्रश्न विचारायला मला तुम्ही शिकवलंत. जून २००५ आठवतो? नारायण कार्तिकेयन त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला होता, आपला पहिला. अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत आपल्याकडे रात्री उशिरा होती. आई झोपली होती म्हणून टीव्हीचा आवाज बंद. वीस गाड्या फेरी मारून आल्या आणि चौदा सरळ पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या गल्लीत, वळल्या. उरल्या सहा. नारायण चौथा आला, पाच गुण मिळाले. मी गादीवर उड्या मारत होते आणि तुम्ही पडद्याकडे बघत म्हणालात, "पण बाकीच्या गाड्या कुठे गेल्या?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिली पाळी करून येताना तीन पेपर आणलेत. मिशलिनचे टायर तिथल्या तिरक्या वळणाचा ताण सोसत नव्हते, शुक्रवारी सरावात राल्फ शूमाकरची गाडी तिथेच भिंतीवर आदळली होती, म्हणून मिशलिनवाल्या सातही संघांनी माघार घेतली, हे तुम्ही मला कढईखालच्या पाटावर खडूने वळण काढून समजावलंत. नारायणचा आनंद त्याने कमी झाला नाही. पण खरं काय झालं ते कळलं. मी तेरा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी हेच काम करते आहे, पगार बराच उशिरा सुरू झाला इतकंच.

२०११ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला फॉर्म्युला वन बघायला जायला तुम्ही भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढलेत, ते मला आईकडून खूप नंतर कळलं. त्या दिवशी वेटेल जिंकला हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या लक्षात राहिली शर्यतीआधीची शांतता. आधीच्या दोन रविवारी अमेरिकेत डॅन व्हेल्डन आणि मलेशियात मोटारसायकलवर मार्को सिमॉन्चेली असे दोघे शर्यतीत अपघात होऊन दगावले होते. इतका मोठा समुदाय मिनिटभर गप्प उभा होता. हे काम फक्त वेगाचं नाही, हे मला तिथे कळलं.

तुम्हाला एका माणसाबद्दल सांगायचं राहूनच गेलंय. डेनिस जेन्किन्सन. लहानखुरा, दाढीवाला इंग्लिश पत्रकार. १९४९ मध्ये साइडकारच्या, म्हणजे खोकं जोडलेल्या मोटारसायकलच्या, जागतिक विजेत्या जोडीत होता, एरिक ऑलिव्हरच्या शेजारच्या खोक्यात बसून वळणावर अंग बाहेर टाकायचा. १ मे १९५५ ला तो स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजमध्ये शेजारी बसला. इटलीतली हजार मैलांची शर्यत, ब्रेशियाहून रोमला आणि परत, सगळी साध्या रस्त्यांवरून. गाडीचा नंबर ७२२, कारण ती सकाळी ७.२२ ला सुटली. त्याने आधी सगळा रस्ता फिरून प्रत्येक धोक्याचं वळण, प्रत्येक उंचवटा लिहून काढला होता. कागदाची लांबच लांब पट्टी, जुन्या जन्मपत्रिकेसारखी गुंडाळलेली, एका डबीत बसवलेली. खिडकीतून वाचायचं आणि पुढे सरकवायचं. इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. वाटेत त्याला उलटी झाली, बाहेर वाकला तर वाऱ्याने चष्मा उडाला. खिशात दुसरा होता! १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते जिंकून परत आले. आणि मग त्याने बसून ते सगळं लिहिलं. मी ते दर वर्षी एकदा वाचते. दुसरा चष्मा जवळ ठेवणारा माणूस मला पत्रकार म्हणून फार मोठा वाटतो.

शुक्रवारी सरावाच्या वेळी मी पडद्यांची खोली सोडून, जिथवर जाऊ देतात तिथवर, पहिल्या वळणाकडे गेले. गाड्या साडेतीनशेच्या आसपास येतात आणि ऐंशीच्या घरात उतरतात. मी डोळे मिटून ऐकते. वडाळा डेपोत तुम्ही बॉनेट न उघडता सांगायचात, "हिचा इंजेक्टर बघा." मला तेवढं नाही कळत. पण कोणता चालक ब्रेक उशिरा सोडतोय, कुणाची गाडी मागून सरकतेय म्हणून तो पाय दबकत टाकतोय, हे ऐकू येतं. पडद्यावर ते दिसत नाही.

अडचणी लपवत नाही. यंदा २४ शर्यती आहेत, त्यातल्या चौदांना मी जाते, विमान आणि खोली स्वतःच्या खर्चाने. एका मासिकाने मार्चपासूनचे पैसे दिलेले नाहीत. प्रवेशपत्रासाठी छापून आलेलं काम दर वर्षी दाखवावं लागतं, त्यामुळे आजारी पडायचीही भीती वाटते. इंग्लंडमधल्या माझ्या नॉर्दम्प्टनच्या खोलीत थंडी असते. तिथून शर्यतींचं सिल्व्हरस्टोन जवळ आहे. तेही युद्धातलं विमानतळच होतं, आजोबा सांगायचे त्या जुहूच्या धावपट्टीवरच्या शर्यतींसारखंच. गणपती तर सलग चौथ्या वर्षी चुकले. काल शर्यत संपल्यावर कुंपण उघडलं, लोक लाल झेंडे घेऊन ट्रॅकभर पसरले, आणि मला चिंचपोकळीचा पूल आठवून रडू आलं.

तरी ठाण्याला नको, बाबा. तिथे मला कंपनीला जे सांगायचंय तेच सांगावं लागेल. 'बाकीच्या गाड्या कुठे गेल्या' हे विचारायचा पगार मिळणार नाही. ती नोकरी वाईट नाही, तुम्ही कुणापुढे शब्द टाकलात हेही मी विसरणार नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणून कळवा. अजून दोन वर्षं मला द्या. तोवर उसने मागणार नाही.

शेवटची शर्यत ७ डिसेंबरला अबू धाबीला आहे. तिथून मुंबई जवळ. ९ तारखेला घरी येते, महिनाभर राहते. तुमच्या डाव्या कानाची तपासणी तेव्हाच करू, टाळायचं नाही. आईला म्हणावं गुडघ्याचा पट्टा आणते आहे.

आणि एक काम. माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात २००५ ची ती तीन कात्रणं असतील. फोटो काढून पाठवा. चौदा गाड्यांचं कारण तिन्ही पेपरांनी वेगवेगळं दिलं होतं असं मला आठवतंय, ते एकदा ताडून बघायचं आहे.

तुमची,
मनू