स्क्रीन पेशंटकडे वळवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरबाई,

सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना रिपोर्ट समजावून सांगणारा आमचा छोटा गट आहे. असे कागद सतत डोळ्यांखालून जातात, म्हणूनच तुम्ही काय केलंत याचं मोल आम्हाला कळतं.

तुमच्याकडे आलेल्या काकांच्या आधीच्या सीटी रिपोर्टात एवढंच होतं: ‘लिम्फ नोड वाढलेल्या, सर्वांत मोठी १४ मि.मी.’ लिम्फ नोड म्हणजे शरीरातला लसीका नावाचा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी; कॅन्सर पसरताना अनेकदा आधी त्यांत शिरतो. पण कुठली नोड, कुठल्या बाजूने मोजली, आकार कसा, काही पत्ता नाही. आणि ज्यांनी तो वाचला त्यांनी मान वर न करता ‘पसरलाय’ म्हणून टाकलं. माणसाचं अवसान गळायला आणखी काय लागतं?

तुम्ही स्क्रीन काकांकडे वळवलीत. नोडवर आधी लांबीची रेघ ओढलीत: १४. मग आडवी: ६. दोन्ही आकडे त्यांनाच वाचायला लावलेत. नोड धरायची ती आखूड मापाने, हे त्यांना तिथल्या तिथे समजलं. शिवाय ती होती जांघेत, लांबट, मधला चरबीचा काळसर ठिपका शाबूत. पायाला जखम किंवा चिखल्या झाल्या तरी तिथे अवधाण येतं, आणि प्रोस्टेटमधला लसीकेचा निचरा सहसा तिकडे जात नाही. यात तुमची फार तर पाच मिनिटं गेली असतील. अशी पाच मिनिटं देणारी माणसं या धंद्यात अजून आहेत, हे बघून बरं वाटलं.

पण तुम्ही खोटा धीरही दिला नाहीत, आणि आमच्या मते हेच जास्त मोठं. त्याच स्कॅनमध्ये ओटीपोटात, बाजूच्या भिंतीलगतच्या ऑब्ट्युरेटर भागात, ७ मि.मी.ची एक नोड होती. गोल, आत चरबी नाही. आधीच्या रिपोर्टात तिचं नावच नव्हतं. आखूड मापाने गोल नोड ८ मि.मी.च्या आणि लांबट नोड १० मि.मी.च्या वर गेली की संशय घ्यायचा, हा ठोकताळा. त्याच्या आत बसली म्हणून ती स्वच्छ ठरत नाही. सीटी आणि एमआरआय मुख्यतः आकार बघतात, त्यामुळे कॅन्सर शिरलेल्या बऱ्याच लहान नोड त्यांच्या हातून निसटतात. म्हणून तुम्ही पीएसएमए पेट स्कॅन सुचवलंत (पीएसएमए हे बहुतेक प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर असणारं प्रथिन, ते जिथे असेल ती जागा यात चमकते), तेही पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन सुरू होण्याआधी, कारण त्या औषधाने चित्र बदलू शकतं. पेटही फसतं, हे सांगायला विसरला नाहीत: मज्जातंतूंचे गुच्छ चमकतात, टीबीची गाठ चमकते, आणि काही थोड्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पीएसएमए नसतंच.

पेटमध्ये ती लहान नोडच चमकली. म्हणजे बातमी चांगली नव्हती. तरी काका खचले नाहीत, कारण आपल्याला नेमकं काय झालंय ते त्यांना माहीत होतं. ओटीपोटातल्या, प्रोस्टेटच्या जवळच्या नोडमध्ये कॅन्सर म्हणजे ‘एन१’ टप्पा. वर महाधमनीलगत गेलं तर ‘एम१ए’. दोन्हींना सरसकट ‘पसरलाय’ म्हणणारे उपचारातला फरक पुसून टाकतात. ‘एन१’मध्ये प्रोस्टेट आणि ओटीपोटाला रेडिएशन, सोबत साधारण २ ते ३ वर्षं हार्मोन उपचार, असा बरं करण्याच्या हेतूने प्रयत्न करता येतो. काकांचं तेच चाललंय.

पुढच्या स्कॅनला तीच नोड, तेच आखूड माप, जुनं चित्र शेजारी ठेवून बघायचं, हे तुम्ही रिपोर्टाखाली स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंत. आणि खाली आणखी एक ओळ: पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, ज्यावरून आजारावर नजर ठेवतात) उतरतोय आणि नोड मात्र वाढतेय, असं दिसलं तर वाट न बघता बायोप्सी करा, कारण तो वेगळाच आजार असू शकतो किंवा पीएसए न बनवणारा कॅन्सर. त्या ओळीची झेरॉक्स काकांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.

आपले आभारी,
गटातले सगळे