गाढवं बंद, तेल चालू

उरण, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, राष्ट्रसंघाच्या लुटुपुटूच्या सभेत मला ब्रिटनची बाजू मिळालीय. इथिओपियावर इटलीनं हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघानं काही का केलं नाही, याला 'संघाकडे स्वतःचं सैन्यच नव्हतं' एवढं उत्तर पुरेल ना?" मी घाईत हो म्हटलं, कारण मागून तुझी आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावत होती. पण ते उत्तर लंगडं आहे, आणि समोर कोणी वाचून आलेलं असेल तर तुझी पंचाईत होईल. म्हणून लिहायला बसलोय.

मी काही इतिहासाचा माणूस नाही. सगळी नोकरी क्लिअरिंगच्या, म्हणजे बंदरावरचा माल कस्टम्समधून सोडवण्याच्या धंद्यात गेली. बिल ऑफ एंट्री, शिपिंग बिल आणि बंदी असलेल्या मालाच्या याद्या, हेच माझं वाचन. पहिल्याच आठवड्यात आमचे जुने साहेब म्हणाले होते, यादी हातात आली की त्यात काय नाही ते आधी बघायचं. ही सवय मला इथिओपियाच्या प्रकरणात उपयोगी पडली.

राष्ट्रसंघ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर, पुन्हा युद्धं होऊ नयेत म्हणून देशांनी काढलेली संघटना, आजच्या संयुक्त राष्ट्रांची पूर्वज. आधी सैन्याचं बघू. ५ डिसेंबर १९३४ला इथिओपियाच्या आग्नेयेकडच्या ओगादेन भागात वालवाल इथल्या विहिरींपाशी इटालियन आणि इथिओपियन तुकड्यांत चकमक झाली. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीला हवं असलेलं निमित्त ते. १८९६ साली अडवा इथल्या लढाईत इथिओपियाचा सम्राट मेनेलिकनं इटलीचा सपशेल पराभव केला होता, तो सल अजून होताच. आता गंमत बघ. त्याच डिसेंबरात जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या सार प्रांतात, तो कोणाकडे जाणार याचं सार्वमत शांततेत व्हावं म्हणून राष्ट्रसंघानं सुमारे ३,३०० सैनिकांची आंतरराष्ट्रीय फौज उतरवली. ब्रिटिश, स्वीडिश, डच आणि हो, इटालियनसुद्धा! मतदान नीट पार पडलं. म्हणजे मोठ्या देशांना हवं असेल तेव्हा फौज उभी राहत होती. तेव्हा सैन्य नव्हतं, हे वाक्य सभेत उच्चारू नकोस.

३ ऑक्टोबर १९३५ला युद्ध न पुकारताच इटालियन फौजा एरिट्रिया या आपल्या वसाहतीतून मारेब नदी ओलांडून आत शिरल्या. चारच दिवसांत संघाच्या कौन्सिलनं, म्हणजे कार्यकारी मंडळानं, इटलीला आक्रमक ठरवलं. संघासाठी ही गती कौतुकाचीच, कारण १९३१मध्ये जपाननं चीनचा मांचुरिया बळकावला तेव्हा त्याच्याविरुद्ध निकाल यायला दीड वर्ष लागलं होतं. (मांचुरियाच्या चौकशी आयोगाचा प्रमुख लॉर्ड लिटन आधी बंगालचा गव्हर्नर होता. दुसऱ्याच्या मुलखात घुसणं बरं की वाईट, हे ठरवायला आणलेला माणूस कुठला, ते बघ.) संघाच्या करारातलं कलम १६ स्पष्ट होतं: आक्रमण करणाऱ्याशी सर्व व्यापार आणि पैशाचे व्यवहार ताबडतोब तोडायचे. सर्व, ताबडतोब. प्रत्यक्षात काय झालं, तर समिती बसली, याद्या झाल्या आणि १८ नोव्हेंबरला निर्बंध लागू झाले. ते लावणाऱ्या पन्नासेक देशांत भारतही होता. आपण संघाचे स्थापनेपासूनचे सभासद, फक्त आपला प्रतिनिधी कोण हे ब्रिटिश सरकार ठरवायचं.

इटलीला काय पाठवायचं नाही, याची ती यादी मी वाचली तेव्हा मोठ्यानं हसलो. तिच्यात घोडे, खेचरं, गाढवं, उंट आहेत. रबर आहे. ॲल्युमिनियमही आहे, ज्याची इटलीला मुळात टंचाईच नव्हती. कच्चं लोखंड आणि भंगार बंद, पण तयार पोलाद चालू. कोळसा चालू. आणि तेल? तेल नाहीच. विमानं, रणगाडे, हजारो ट्रक घेऊन निघालेल्या सैन्याला जगानं गाढवं विकायची नाहीत असं ठरवलं!

याचं समर्थन तुला करावं लागणार आहे, म्हणून त्यांचा युक्तिवादही सांगतो. अमेरिका संघाची सभासद नव्हती. आम्ही तेल बंद केलं तर अमेरिकन कंपन्या विकतील, मग उपयोग काय? ऐकायला बरं वाटतं. पण इटलीचा मोठा पुरवठादार रुमानिया संघात होता आणि बाकीचे थांबत असतील तर आपणही थांबू म्हणत होता. निर्णय मात्र आज-उद्या करत कायमचा लांबला. १९३८ साली मुसोलिनीनं हिटलरला सांगितल्याचं हिटलरच्या दुभाष्यानं लिहून ठेवलंय, की तेल तोडलं असतं तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती. मुसोलिनीच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते तू ठरव.

सुवेझचं तर विचारूच नकोस. इटलीहून एरिट्रियातल्या मसावा बंदराकडे जाणारं प्रत्येक जहाज त्याच कालव्यातून जायचं. सैनिक, खेचरं, बाँब, सगळं. कालव्याच्या कंपनीत ब्रिटिश सरकारचे सुमारे ४४ टक्के शेअर, बाकी बहुतेक फ्रेंचांचे, काठावर ब्रिटिश फौज. कालवा बंद केला नाही. उलट नेहमीसारखा टोल घेतला. सुवेझबद्दलचा १८८८चा करार कालवा सर्वांना खुला ठेवा म्हणतो, असं ब्रिटनचे लोक सांगायचे. तुला कोणीतरी संघाच्या कराराचं कलम २० दाखवील: संघाच्या कराराशी विसंगत जुनी बंधनं सभासदांनी आपसांत रद्द मानायची. त्याला काय उत्तर देशील ते आत्ताच शोधून ठेव. मला सापडलं नाही.

मग असं का? १९३५च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या एक कोटीहून जास्त लोकांनी एका खासगी मतचाचणीत संघाच्या बाजूनं कौल दिला होता आणि निवडणूक तोंडावर होती. म्हणून ११ सप्टेंबरला ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होअर जिनिव्हात, संघाच्या मुख्य कचेरीच्या गावी, आक्रमणाला सामुदायिक प्रतिकार करण्याबद्दल घणाघाती बोलला. आदल्याच दिवशी त्यानं आणि फ्रान्सचा पंतप्रधान लाव्हालनं आपसांत ठरवून टाकलं होतं की युद्धाची पाळी येईल असं काही करायचं नाही, म्हणजे नाकेबंदी नाही, सुवेझ बंद नाही. मुसोलिनी हिटलरच्या कळपात जाईल ही धास्ती होती, आणि तिकडे जपानवर नजर ठेवायची तर आरमार पुरणार नाही अशीही. ही कारणं खोटी नव्हती. पण जूनमध्येच ब्रिटनच्या एका सरकारी अहवालात लिहिलं होतं की इथिओपियात ब्रिटनचं जिव्हाळ्याचं असं काही अडकलेलं नाही. तो कागद इटलीच्या हेरांनी पळवला. समोरच्याचे पत्ते दिसत असताना मुसोलिनी कशाला घाबरेल?

मला वाटतं, खरी गाठ आणखी खाली आहे. इटलीनं सप्टेंबरात जिनिव्हात जाडजूड निवेदन दिलं: इथिओपियात गुलामी आहे, हा देश रानटी आहे, सभासद व्हायच्या लायकीचा नाही. याला ब्रिटन काय उत्तर देणार? संघाच्या करारातल्याच कलम २२मध्ये 'अजून स्वतःच्या पायावर उभे राहू न शकणारे लोक' अशी भाषा होती आणि तिच्या जोरावर ब्रिटन-फ्रान्सनं जर्मनी आणि तुर्कस्तानाचे मुलूख वाटून घेतलेले होते. कुंपणानं शेत खाल्लं असं आपण म्हणतो. इथे कुंपण शेत खाऊन बसलं होतं आणि नवीन बैल आत आला म्हणून कुरकुरत होतं.

डिसेंबरात होअर-लाव्हालचा गुप्त आराखडा फुटला. इथिओपियाचा मोठा हिस्सा इटलीला द्यायचा, बदल्यात इथिओपियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी मिळणार, आणि त्या पट्टीवर रेल्वे बांधायची नाही. लंडनच्या 'टाइम्स'नं अग्रलेखात त्याला उंटांची वाट म्हटलं. पुन्हा उंट! होअरला जावं लागलं, पण धोरण तेच राहिलं.

तोवर इटालियन विमानांतून मस्टर्ड वायू, कातडी भाजणारा विषारी वायू, बरसू लागला होता. १९२५च्या ज्या करारानं विषारी वायू वर्ज्य केला, त्यावर इटलीची सही होती. इथिओपियात शस्त्रांचे कारखाने नव्हते आणि कित्येक महिने ब्रिटननं दोन्ही बाजूंना शस्त्रबंदी लावून ठेवलेली. ५ मे १९३६ला राजधानी आदिस अबाबा पडली. ३० जूनला सम्राट हैले सेलासी जिनिव्हात उभा राहिला तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवल्या. तो अम्हारिकमध्ये बोलला. माणसं, गुरं, नद्या, कुरणं यांवर पडलेल्या विषाबद्दल सांगितलं आणि विचारलं, माझ्या लोकांसाठी मी काय उत्तर घेऊन परत जाऊ? काही दिवसांत संघानं निर्बंध उठवले.

मुरूड-जंजिऱ्याला गेलो होतो तेव्हा तू विचारलं होतंस, सिद्दी कुठून आले. आपल्या जुन्या कागदांत त्या किनाऱ्याला हबसाण म्हणतात, ते इथिओपियाच्या हबश या जुन्या नावावरून. मलिक अंबरही तिकडचाच.

आणि १९४१. आता इटली ब्रिटनची शत्रू झाली होती. एरिट्रियात केरनच्या उभ्या कड्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतीय डिव्हिजननी झुंज दिली, त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. २७ मार्चला केरन पडलं, ५ मेला सम्राट राजधानीत परतला. पाच वर्षांपूर्वी जी जहाजं टोल घेऊन सोडली, त्यातून उतरलेल्या सैन्याला हटवायला आपल्याकडची पोरं चढली. तुझ्या भाषणात हे बसणार नाही, ब्रिटन आहेस तू. पण इथिओपिया कोणाला मिळालंय? जमलं तर त्या मुलीला हे पान वाचायला दे.

शनिवारी येताना आईचे दोन्ही स्टीलचे डबे आण, ती रोज विचारते. दुसरा कोट मी इस्त्रीला दिलाय.

तुझा,
बाबा